नाणे खरे की खोटे: तपासणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नाणे दाखवायला येणारी मंडळी पिशवीत हात घालण्याआधीच सांगतात, ‘चुंबक लावून पाहिले, चिकटत नाही. वाजवून पाहिले, खणखणीत वाजते. म्हणजे चांदीचेच.’ नौपाड्यातल्या माझ्या टेबलावर असे सांगत आलेले कितीतरी रुपये पाच मिनिटांत खोटे ठरले आहेत. त्या मंडळींनी केलेल्या चाचण्या चुकीच्या नव्हत्या. त्यांचा क्रम चुकला होता आणि एकेका चाचणीकडून जे कळू शकत नाही ते तिच्याकडून वदवून घेतले गेले होते.

म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली ही, की एका चाचणीत नाणे स्पष्टपणे नापास झाले, तर पुढच्या चार चाचण्यांत उत्तीर्ण होऊनही ते खरे ठरत नाही. उलट एका चाचणीत उत्तीर्ण झाले, तर त्यावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. दुसरी ही, की वजन, चुंबक, आवाज आणि घनता या चाचण्या फक्त धातू कोणता आहे ते सांगतात. तो धातू टांकसाळीत पाडला गेला की एखाद्या गाळ्यात, हे त्या सांगू शकत नाहीत. ते फक्त भिंगाखाली कळते.

पुढील टप्प्यांसाठी उदाहरण म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातला चांदीचा रुपया घेतला आहे, कारण घरोघरी देवघरात, आजीच्या डब्यात किंवा दिवाळीच्या पूजेच्या तबकात हेच नाणे सापडते आणि सर्वाधिक नकलाही याच्याच होतात. शिवराई आणि सध्याची चलनी नाणी यांबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

## पूर्वतयारी

साधने थोडी आणि स्वस्त आहेत. ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा खिशात मावणारा डिजिटल वजनकाटा, तो तपासण्यासाठी एक प्रमाण वजन, डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एकाच बाजूने उजेड टाकणारा टेबलदिवा, लहान पण जोरदार निओडायमियम चुंबक, काचेचा छोटा पेला, बारीक नायलॉनचा दोरा आणि टेबलावर अंथरायला मऊ कापड एवढे पुरे. टेबलावर कापड नसेल, तर नाणे हातात घेऊच नये. हातातून निसटलेल्या रुपयाच्या कडेला फरशीवर पडून खोच बसते आणि ती कायमची राहते.

सर्वांत महत्त्वाचे साधन मात्र दुकानात मिळत नाही. ते म्हणजे खात्रीचे तुलनेचे नाणे. ज्या राजाचा आणि ज्या प्रकारचा रुपया तपासायचा, त्याच प्रकारचा, शक्यतो त्याच सालाच्या जवळचा, स्वस्तातला आणि वापरून झिजलेला एखादा खरा रुपया विश्वासू जाणकाराकडून पावतीसह आधी घेऊन ठेवावा. बहुतेक लोक तुलनेसाठी मोबाइलवरचे छायाचित्र वापरतात. छायाचित्रात अक्षरांचा उठाव, कडेचे दाते आणि पृष्ठभागाची चमक कशी फिरते हे दिसत नाही, आणि अनेकदा ते छायाचित्रच खोट्या नाण्याचे असते.

वजनकाटा पंख्याखाली ठेवू नये. रेल्वेमार्गालगतच्या इमारतीत राहणाऱ्यांनी लोकल निघून जाईपर्यंत थांबावे, कारण शेवटचा आकडा तेवढ्यानेही हलतो. प्रत्येक बैठकीच्या आरंभी प्रमाण वजन ठेवून काटा बरोबर आहे की नाही ते पाहावे.

इशारा: तपासणीआधी नाणे धुऊ नये, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट किंवा पितांबरी लावू नये. घासलेल्या नाण्यावरचे पुरावे जातात, आणि नाणे खरे निघाले तरी संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत पडते. पितळी समईला जे चालते, ते जुन्या नाण्याला चालत नाही.

## टप्पा १: असे नाणे मुळात होते का?

ही पायरी सर्वांत आधी घ्यावी, कारण तिला एक पैसाही लागत नाही आणि निम्मा कचरा इथेच गळतो. नाण्यावरचा मजकूर, राजाचे नाव, साल आणि मूल्य कागदावर उतरवून घ्यावे आणि ही जुळणी शक्य होती का, ते पाहावे.

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि एका बाजूला राम-सीता, हनुमान, लक्ष्मी किंवा कमळ असलेली ‘एक आणा’ किंवा ‘अर्धा आणा’ मूल्याची तांब्याची नाणी बाजारात ढिगाने मिळतात आणि समाजमाध्यमांवर त्यांना लाखो रुपयांची किंमत सांगितली जाते. कंपनीने असे एकही नाणे पाडलेले नाही. एक आण्याचे स्वतंत्र नाणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले, तेही निकेलमिश्रित तांब्याचे आणि कंगोरेदार कडेचे. हे देवदेवतांचे तुकडे म्हणजे हौसेने पाडलेले बिल्ले आहेत. त्यांची तपासणी करण्यातही वेळ घालवू नये.

रुपयाच्या बाबतीत पुढील जुळणी लक्षात ठेवावी. इंग्रजी मजकूर आणि कंपनीचे नाव असलेल्या रुपयावर साल १८३५ असते तेव्हा राजा चौथा विल्यम असतो आणि १८४० असते तेव्हा राणी व्हिक्टोरिया असते. त्याआधीचे कंपनीचे बहुतेक रुपये मोगल बादशहाच्या नावाचे आणि फारसी लिपीतले होते. व्हिक्टोरियाला १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ म्हटलेले असते. १८६२ साल घातलेले रुपये पुढे कितीतरी वर्षे पाडले जात होते, त्यामुळे त्या सालाचे रुपये भरपूर दिसतात म्हणून बिचकू नये. सातव्या एडवर्डचा रुपया १९०३ ते १९१० या सालांचा असतो. पाचव्या जॉर्जचा रुपया १९११ पासून मिळतो, पण १९२३ ते १९३४ यांपैकी साल घातलेला रुपया कोणी दाखवला, तर तो हातात न घेताच परत करावा.

यातली एक जागा विशेष लक्ष देण्याजोगी आहे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत जो हत्ती आहे, त्याची सोंड आखूड दिसल्यामुळे तो डुकरासारखा भासतो अशी तक्रार झाली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र बदलण्यात आले. १९११ चा रुपया महाग मिळतो, म्हणून १९१२ च्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून १ केला जातो. कोरणारा आकडा बदलतो, हत्ती बदलत नाही. त्यामुळे साल १९११ आणि हत्ती लांब सोंडेचा अशी जोडी दिसली, की निकाल तिथेच लागला असे समजावे.

## टप्पा २: कोरडे निरीक्षण

नाणे कडेला अंगठा आणि तर्जनी लावून धरावे. छाप्यावर बोट टेकवू नये. दिवा एका बाजूला ठेवून नाणे हळूहळू कलते करावे. टांकसाळीत ठशाचा जोरदार आघात होऊन पाडलेल्या नाण्यावर, ते फार झिजलेले नसेल तर, चमकेचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. ओतीव नकलेवर तशी चमक फिरत नाही. ती सगळीकडे सारखी, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत आणि मंद दिसते.

मग झीज पाहावी. खरी झीज उंच भागांवर आधी होते. राजाचा गाल, भुवई, मुकुटाची टोके, कानावरचे केस आधी सपाट होतात आणि खोलातली अक्षरे टिकतात. गाल टोकदार आणि अक्षरे मात्र पुसट, असे उलटे चित्र दिसले तर नाणे ओतीव असण्याची शक्यता दाट असते. काळपटपणाही असाच तपासावा. वर्षानुवर्षे बसलेला काळसरपणा खोलगट भागांत दाट आणि उंचावर विरळ असतो. गंधकाच्या द्रावणात बुडवून आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा असतो, आणि कधीकधी ओल्या कापसाला लागूनही येतो. मात्र ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत खरी चांदीही एका मोसमात काळवंडते, तेव्हा नुसत्या काळेपणावरून वय ठरवू नये.

## टप्पा ३: वजन आणि माप

रुपयाचे प्रमाण वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के असते. १९४० ते १९४५ च्या रुपयात ती ५० टक्के झाली, पण वजन तेवढेच राहिले. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, वजन तेवढेच आणि व्यास २८ मिलिमीटर, म्हणजे चांदीच्या रुपयापेक्षा लहान.

तीनदा वजन करावे आणि तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. मग वजन आणि झीज यांचा मेळ घालावा. इथे बहुतेकांची गफलत होते. लोक कमी भरलेल्या नाण्याला घाबरतात आणि जास्त भरलेले आनंदाने घेतात. वास्तविक वापराने नाणे हलकेच होते, जड कधीच होत नाही. गाल पार सपाट झालेला रुपया ११.४ ग्रॅम भरला, तर ते समजण्यासारखे आहे. तोच सपाट रुपया ११.६६ भरला, तर तो काळजीचा विषय आहे. आणि ११.९ भरलेले नाणे कितीही सुंदर असले, तरी बाजूला ठेवावे.

याच्या उलट बाजूही आहे. कोरा करकरीत दिसणारा रुपया ११.२ भरला, तर त्याचे हरवलेले अर्धे ग्रॅम कुठे गेले याचे उत्तर नाण्याच्या पृष्ठभागावर दिसले पाहिजे. कधी ते दिसतेही. माळेत ओवण्यासाठी पाडलेले भोक नंतर बुजवलेले असते, किंवा कडी लावण्यासाठी कड घासलेली असते.

व्यास कॅलिपरने दोन दिशांना, एकमेकांशी काटकोनात मोजावा आणि तुलनेच्या नाण्याशी ताडून पाहावा. जाडीही कडेच्या चार ठिकाणी मोजावी. साच्यात ओतलेले नाणे थंड होताना आकसते, म्हणून ते मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान भरते. वजन बरोबर यावे म्हणून नकलाकार मग त्याची जाडी वाढवतो. व्यास थोडा कमी आणि जाडी थोडी जास्त, ही जोडी हमखास ध्यानात ठेवावी.

तपासणी: वजन, व्यास आणि जाडी हे तिन्ही आकडे कागदावर उतरले आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नये. आठवणीतला आकडा आपल्याला हवा तसा सरकतो.

## टप्पा ४: कड

नवशिका छापा पाहतो, काटा पाहतो आणि कड पाहायची विसरतो. नकलाकारालाही हे ठाऊक असते, म्हणून त्याची मेहनत कडेवर सर्वांत कमी झालेली असते.

नाणे तुलनेच्या नाण्यावर ठेवून दोन्ही कडा एकाच वेळी भिंगाखाली धरून फिरवाव्यात. दाते सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे आणि पृष्ठभागाशी काटकोनात हवेत. कुठे दाते एकमेकांत मिसळलेले, कुठे तिरके किंवा कुठे अचानक पुसट दिसले, तर त्या जागी साच्याचे दोन भाग जुळले होते आणि तो सांधा कानशीने घासला गेला, असा अर्थ होतो. कडेच्या मधून नाण्याभोवती फिरणारी बारीक उभारलेली रेघ किंवा कडेला समांतर ओरखडे, ही त्याचीच खूण आहे.

१९४० पासूनच्या ५० टक्के चांदीच्या रुपयाला दात्यांच्या मधोमध कडेभोवती फिरणारी खाच असते. आधीच्या रुपयाला ती नसते. म्हणून १९४३ चा रुपया साध्या दात्यांचा निघाला, किंवा दुर्मीळ म्हणून विकला जाणारा १९३९ चा रुपया खाचेचा निघाला, तर तिथेच थांबून नाणे बाजूला ठेवावे.

## टप्पा ५: भिंगाखाली

या टप्प्याला अर्धा तास द्यावा. घाई करायचीच असेल, तर बाकीच्या टप्प्यांत करावी.

प्रथम मोकळा पृष्ठभाग पाहावा. ओतीव नाण्यावर सुईच्या टोकाएवढे गोलाकार खड्डे किंवा त्याच आकाराचे फुगवटे दिसतात. ओतताना अडकलेल्या हवेचे ते बुडबुडे असतात. जमिनीत पुरून गंजलेल्या खऱ्या नाण्यावरही खड्डे असतात, पण ते वेडेवाकडे, वेगवेगळ्या खोलीचे आणि तळाशी काळे असतात.

मग अक्षरांकडे वळावे. पाडलेल्या नाण्यातील अक्षराच्या बाजू उभ्या असतात आणि अक्षर जिथे पृष्ठभागाला भेटते तिथली रेघ स्पष्ट असते. नकलेत ती जागा उतरत्या ढिगाऱ्यासारखी गोलसर होते आणि अक्षराच्या पोटातली बारीक जागा भरून येते. काठाजवळची ठिपक्यांची माळही मोजून पाहावी. पाचव्या जॉर्जच्या मुंबईत पाडलेल्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक उठावाचा ठिपका असतो. कोलकात्याच्या रुपयावर तो नसतो. महाग सालात हा ठिपका नंतर चिकटवलेला किंवा खरवडून काढलेला सापडतो, म्हणून त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग बाकीच्या पृष्ठभागासारखाच आहे का, ते पाहावे.

शेवटी साल. आकड्यांची जाडी, उंची आणि एकमेकांतील अंतर तुलनेच्या नाण्याशी जुळते का? शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा किंचित खोल बसला आहे का? त्याच्याभोवती डाख दिल्याची फिकट कडी दिसते का?

हे मी पुस्तकी सांगत नाही. दहाएक वर्षांपूर्वी वाशीच्या एका प्रदर्शनात मी १९३९ चा रुपया घेतला. घरी येऊन वजन केले, ११.६१. कड साध्या दात्यांची, अगदी हवी तशी. पाण्यातले वजनही बरोबर आले. तीन दिवस मी त्याच आनंदात होतो. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपा उजेड येत असताना सहज भिंग लावले आणि ९ च्या खालच्या पोटापाशी, डाव्या बाजूला, केसाएवढी चंद्रकोरी चकाकी दिसली. बाकीचा पृष्ठभाग राखाडी आणि किंचित रवाळ होता. तेवढाच तुकडा आरशासारखा गुळगुळीत होता आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले तीन-चार बारीक ओरखडे होते. १९३८ मधल्या ८ च्या खालच्या वेटोळ्याची डावी बाजू कोरून काढली होती. नाणे खरे, चांदी खरी, टांकसाळ खरी. साल तेवढे खोटे. धातूच्या सगळ्या चाचण्यांनी त्याला पास केले, ते यामुळेच.

इशारा: एकाच विक्रेत्याकडे एकाच प्रकारची दोन ‘दुर्मीळ’ नाणी असतील, तर ती शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींवर एकाच जागी तोच ओरखडा किंवा तीच खोच असेल, तर दोन्ही एकाच नकली ठशातून किंवा साच्यातून निघालेली आहेत. वापरातले ओरखडे कधी जुळे नसतात.

## टप्पा ६: चुंबक आणि आवाज

या दोन्ही चाचण्या इथे, इतक्या उशिरा येतात, कारण त्या फक्त ढोबळ नकला पकडतात. चांदी, तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्त यांचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू), शिसे यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. म्हणून ‘चिकटले नाही’ याचा अर्थ ‘लोखंड नाही’ एवढाच. नाणे तिरके धरून वरून छोटे चुंबक सोडले, तर चांदीवर ते रेंगाळत घसरते आणि जर्मन सिल्व्हरवर झटकन खाली येते. ही चाचणी त्यामानाने उपयोगाची आहे. उलट १९४७ चा निकेलचा रुपया चुंबकाला घट्ट चिकटलाच पाहिजे. चिकटला म्हणून लोक तो खोटा ठरवून टाकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नाणे वाजवून घेण्याची रीत आपल्या भाषेत मुरली आहे, पण ओट्यावर आपटून रुपया वाजवणे बंद करावे. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच टिचकी मारावी. चांदीचा नाद बारीक आणि लांबणारा असतो. माळेला डाख दिलेले किंवा आतून चिरलेले खरे नाणेही बद्द वाजते, एवढे ध्यानात ठेवावे.

## टप्पा ७: पाण्यातले वजन

घरच्या घरी धातूची घनता काढण्याची ही पद्धत आहे आणि ती सोपी असूनही बहुतेकांकडून चुकते. चुका दोनच असतात: नाणे पेल्याच्या तळाला टेकते किंवा त्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहतात.

१. नाण्याचे कोरडे वजन लिहावे. समजा, ११.६६ ग्रॅम.

२. पेल्यात नाणे पूर्ण बुडेल एवढे पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवावा आणि काटा शून्यावर आणावा. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकला, तर बुडबुडे धरत नाहीत.

३. दोऱ्याचा फास करून नाणे त्यात अडकवावे आणि हाताने न धरता वर आडव्या ठेवलेल्या पट्टीला दोरा बांधून नाणे पाण्यात लोंबते सोडावे. ते तळाला किंवा काचेला लागता कामा नये.

४. काट्यावर आता दिसणारा आकडा लिहावा. तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन आहे.

५. कोरडे वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता.

९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला हा आकडा १.१३ च्या आसपास येतो आणि घनता साधारण १०.३ निघते. ५० टक्के चांदीच्या रुपयाला तो १.२२ च्या आसपास येतो, घनता साडेनऊच्या जवळ. जर्मन सिल्व्हरची घनता ८.७ च्या आसपास असते. तेवढ्याच वजनाचे नाणे असेल, तर काटा १.३४ दाखवेल. फरक ठळक आहे, पण काट्यावरील शेवटच्या एका अंकाने घनता जवळजवळ ०.१ ने बदलते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि १०.२ आली म्हणून घाबरू नये.

शुद्ध चांदीची घनता १०.४९ आणि शिशाची ११.३४ असते. त्यामुळे शिसे मिसळलेला हिणकस धातू चांदीच्या आकड्याच्या जवळ आणता येतो. असे नाणे मऊ असते, बद्द वाजते आणि त्याची अक्षरे पाचव्या टप्प्यात गोलसर दिसलेली असतात. म्हणूनच हा टप्पा भिंगाच्या नंतर आहे. काम झाल्यावर नाणे मऊ कापडावर ठेवून टिपून घ्यावे, पुसू नये.

## टप्पा ८: बाहेरची मदत

ठाण्यात किंवा वाशीत दागिन्यांचा कस तपासणाऱ्या केंद्रांत क्ष-किरणांच्या यंत्रावर नाणे न कापता त्यातील धातूंचे प्रमाण मिळते. मात्र हे यंत्र पृष्ठभागाजवळचा पातळ थरच वाचते, म्हणून जाड मुलामा दिलेले नाणे त्याला फसवू शकते. यंत्राचा निकाल आणि आपण काढलेली घनता यांचा मेळ बसला तरच तो मानावा.

सराफाकडे नाणे नेल्यास आधीच स्पष्ट सांगावे, की कसोटीवर घासायचे नाही आणि कानस लावायची नाही. सराफ चांदी पारखतो, नाणे नव्हे; त्याच्या दृष्टीने कडेवरचा एक घास म्हणजे काहीच नसते. दिवाळीच्या तोंडावर पूजेसाठी विकल्या जाणाऱ्या ‘जॉर्ज पंचम’च्या नव्या प्रती चांगल्या चांदीच्याही असू शकतात. त्या चांदी म्हणून घ्याव्यात, जुने नाणे म्हणून नव्हे.

डोळा तयार करायचा असेल, तर खरी नाणी पाहत राहण्याला पर्याय नाही. लोकलने फोर्टला जाऊन रिझर्व्ह बँकेचे मौद्रिक संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचे दालन पाहावे. नाण्यांचा अभ्यास गंभीरपणे करायचा असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

## शिवराई आणि होन

शिवराई तांब्याची असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे. ती हाताने पाडलेली असल्यामुळे वजन आणि आकार एका नाण्यापासून दुसऱ्यापर्यंत बदलतात, ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्याने अक्षरे कडेला कापली जातात आणि पेशवेकाळातील दुदांडी शिवराईवर अक्षरांसोबत दोन आडव्या दांड्या दिसतात. म्हणून रुपयाचा वजनाचा नियम इथे लावू नये. अक्षरे पूर्ण, मधोमध आणि सगळीकडे सारख्या उठावाची असतील, तर आनंद न मानता संशय घ्यावा. हिरवी पुटे रंगवलेली आहेत का, ते लाकडी दातकोरणीच्या टोकाने एका कोपऱ्यात हलकेच तपासावे. खरे पुट कठीण असते. रंग आणि डिंक यांचे पुट खपलीसारखे उडते.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अतिशय दुर्मीळ आहे. तो कोणी घरी येऊन, रोखीने आणि पावतीशिवाय देऊ करत असेल, तर वरचा एकही टप्पा करण्याची गरज नाही.

## सध्याची चलनी नाणी

इथे चूक उलट्या दिशेने होते: खरी नाणी नाकारली जातात. रिक्षाचालक, भाजीवाले आणि काही दुकानदार दहाचे नाणे ‘बंद झाले’ किंवा ‘ते खोटे आहे’ म्हणून घेत नाहीत. दहा रुपयांची १४ वेगवेगळ्या नक्षींची नाणी खरी आणि चलनात आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, दहा रेघांचे आणि पंधरा रेघांचे, सर्वच. रुपयाचे चिन्ह असलेले दहाचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे आणि साधारण ७.७ ग्रॅमचे असते. सालाखाली चौकट (पत्त्यांतल्या चौकटसारखी) म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. खूण नाही म्हणून नाणे खोटे ठरत नाही. दोन धातूंचा सांधा नखाला अडखळत असेल किंवा मधला भाग हलत असेल, तर मात्र बँकेत दाखवावे.

खोटे आहे हे कळल्यावर नाणे गर्दीत कुणाच्या तरी हातात सरकवून देणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे १७८ ते १८० याच विषयाची आहेत.

## खरेदीची नोंद

विक्रेत्याकडून पावतीवर राजा, साल, टांकसाळ, वजन आणि ‘खोटे निघाल्यास परत घेतले जाईल’ हे शब्द लिहून घ्यावेत. पहिली चार माहिती देणारा आणि पाचवे वाक्य लिहायला का-कू करणारा विक्रेता सोडून द्यावा. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळवून देतो म्हणून आधी ‘शुल्क’ मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून ते परदेशी नातेवाइकाला पाठवू नये.

प्रत्येक नाण्याची एक कागदी पाकीट-नोंद करावी: तपासणीची तारीख, तीन वजने, व्यास, जाडी, घनता, कडेचा प्रकार आणि भिंगाखाली दिसलेल्या गोष्टी. शंकास्पद नाणे फेकू नये आणि विकूही नये. त्याला वेगळी डबी द्यावी. माझ्या त्या डबीत पहिले पाकीट १९३९ च्या रुपयाचे आहे. त्यावर लाल शाईने ‘मूळ साल १९३८’ असे लिहिले आहे, आणि कुणी १९३९ चा रुपया घेऊन आले, की सर्वांत आधी तेच पाकीट उघडले जाते.